तापलेली माती आणि नायट्रेटचा साठा

(रायपूर येथील सदर बाजारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रायपूरचा सदर बाजार हा प्रामुख्याने सराफांचा बाजार म्हणून ओळखला जातो. सोन्याचा कस पाहताना आणि सोन्यात मिसळलेली चांदी किंवा तांबे वेगळे काढताना कारागीर तेजाबाचा उपयोग करतात. हे तेजाब म्हणजे नायट्रिक आम्ल होय. पूर्वी ते सोऱ्यापासून तयार केले जात असे आणि सोरा मिळत असे तो मातीतून. आता तेच आम्ल कारखान्यात अमोनियापासून तयार होते. त्यासाठी प्लॅटिनमयुक्त जाळीवर आठशे ते नऊशे अंश सेल्सिअस इतके तापमान राखावे लागते. शहराबाहेरच्या शेतातील माती मात्र अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करण्याचे काम तीस-पस्तीस अंशांवर, कोणत्याही जाळीवाचून आणि विनामूल्य करीत असते.

पेढीचा आणि शेतातील या नायट्रेटचा संबंध तेजाबापुरता मर्यादित नाही. छत्तीसगढचे मैदान धानाचे कोठार म्हणून ओळखले जाते. धान विकले गेले, की गावोगावची कुटुंबे लग्नसराईच्या खरेदीसाठी बाजाराकडे वळतात. त्यांच्या हाती किती पैसा उरतो हे जसे पिकावर अवलंबून असते, तसेच ते खतावर झालेल्या खर्चावरही अवलंबून असते. उन्हाळ्याची उष्णता मातीत दरवर्षी नत्राचे एक भांडवल उभे करण्याची तयारी करते. पावसाळ्याच्या पहिल्या काही आठवड्यांत ते भांडवल तयार होते आणि त्याच आठवड्यांत त्याचा बराचसा भाग वाया जातो. त्यानंतर तेच नत्र पोत्यांतून विकत आणले जाते. ही गळती कोठे होते आणि ती कशी रोखता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सोरा : उष्ण जमिनीची जुनी कमाई

उष्ण प्रदेशातील मातीत नायट्रेट साठते, ही गोष्ट भारताला नवी नाही. सतराव्या आणि अठराव्या शतकांत बिहारमधील सोरा डच आणि इंग्रज व्यापारी कंपन्या जहाजे भरभरून युरोपात नेत असत. तोफांच्या दारूतील मुख्य घटक सोराच होता. गावाभोवतालच्या जमिनीत जनावरांचे मूत्र, शेण आणि राख वर्षानुवर्षे मुरत असे. पावसाळ्यातील ओल व त्यानंतरची ऊब यांमुळे त्यातील नत्राचे नायट्रेट होई. कोरड्या महिन्यांत पाणी मातीच्या सूक्ष्म नळ्यांतून वर चढे, त्याची वाफ होऊन जाई आणि पृष्ठभागावर पांढरट थर मागे राही. नोनिया समाजातील लोक तो थर खरवडून, पाण्यात विरघळवून आणि उकळून सोरा काढीत. युरोपातील थंड हवामानात याच पदार्थासाठी शेणमुताचे ढिगारे रचून त्यांची दीर्घकाळ निगा राखावी लागे. उष्णतेचा लाभ ज्या मातीला आहे, तिने हे काम अधिक सहजतेने केले.

मातीत हे रूपांतर नेमके कोण घडवून आणते, याचा उलगडा १८७७ मध्ये झाला. श्लोझिंग आणि म्युंट्स या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी अगदी सावकाश झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. त्यानंतर खालून येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते येणे थांबले. ही केवळ रासायनिक क्रिया नसून सजीवांचे कार्य आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. पुढे १८९० मध्ये विनोग्राड्स्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखविले. त्यांपैकी एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, तर दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. ही दोन्ही कामे एकट्यानेच करणारे जिवाणूही असतात, असे २०१५ मध्ये आढळून आले.

भारतात या विषयावर वेगळे मतही मांडले गेले. अलाहाबादचे रसायनशास्त्रज्ञ नीलरतन धर यांनी १९३०च्या दशकात उष्ण देशांतील मातीत सूर्यप्रकाशच थेट नायट्रेट तयार करतो, असे प्रतिपादन केले होते. हे मत पुढे सर्वमान्य झाले नाही. तथापि उष्ण कटिबंधातील मातीचे गणित थंड देशांच्या पुस्तकांवरून सोडविता येणार नाही, हा त्यामागचा आग्रह रास्त होता.

उष्णता नेमके काय करते

मातीतील बहुतांश नत्र सेंद्रिय पदार्थांत बांधलेले असते. ते पिकाला मिळण्यापूर्वी दोन पायऱ्या पार कराव्या लागतात. पहिल्या पायरीवर सेंद्रिय पदार्थ कुजून त्यातील नत्र अमोनियमच्या रूपात मोकळे होते. दुसऱ्या पायरीवर अमोनियमचे नायट्रेट होते. या क्रियेस नत्रीकरण म्हणतात. दोन्ही पायऱ्यांवर तापमानाचा प्रभाव आहे, परंतु तो सारखा नाही. विषयाचे मर्म या फरकातच आहे.

श्लोझिंग आणि म्युंट्स यांना नत्रीकरण ५ अंश सेल्सिअसच्या खाली जवळजवळ थांबलेले, ३७ अंशांच्या सुमारास सर्वाधिक आणि ५५ अंशांवर पूर्णतः बंद झालेले आढळले होते. नंतरच्या काळातील संशोधनाने हे चित्र अधिक स्पष्ट केले. थंड प्रदेशातील मातीत नत्रीकरणाचा सर्वोत्तम बिंदू २० ते २५ अंशांच्या आसपास असतो, तर उष्ण प्रदेशातील मातीत तो ३५ अंशांपर्यंत सरकतो. म्हणजे सूक्ष्मजीवही आपापल्या हवामानाला सरावलेले असतात. या मर्यादेपर्यंत तापमान दहा अंशांनी वाढले, की क्रियेचा वेग साधारणतः दुप्पट होतो. ४० अंशांच्या पुढे मात्र तो झपाट्याने घसरतो. याउलट सेंद्रिय पदार्थ कुजून अमोनियम सुटण्याची क्रिया ५० अंशांच्या आसपासही चालू राहू शकते, कारण ती अनेक प्रकारचे जीव करतात आणि त्यांपैकी काहींना तीव्र उष्णता व कमी ओल सहन होते. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण उत्तर भागातील मातीवर झालेल्या १९७५ मधील अभ्यासात नत्रीकरणाचा वेग ३५ अंशांवर, तर अमोनियम सुटण्याचा वेग ५० अंशांवर सर्वाधिक असल्याचे दिसून आले.

यावरून असा निष्कर्ष निघतो, की मध्यम उष्णतेत नायट्रेट साठते. अतितीव्र उष्णतेत नायट्रेट न होता अमोनियम साठत राहते आणि पुढच्या पायरीसाठी थंडाव्याची व ओलीची वाट पाहते.

वैशाखाचे ऊन आणि मृगाचा पाऊस

रायपूरमध्ये मे महिन्यातील दुपारचे सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या आसपास असते. हे झाले हवेचे तापमान. उघड्या जमिनीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापतो. भारतीय हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग पुण्यात १९३२ मध्ये सुरू झाला. एल. ए. रामदास यांनी तेथे जमिनीच्या तापमानाची पद्धतशीर मोजणी केली. उन्हाळ्यात काळ्या जमिनीचा पृष्ठभाग दुपारी ६० अंशांच्या पुढे जातो आणि त्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिल्यास तो बराच थंड राहतो, हे त्या काळातील निरीक्षणांतून स्पष्ट झाले. तथापि दिवसाच्या उष्णतेची लाट खोलवर जात नाही. वीस-तीस सेंटिमीटर खाली दिवस-रात्रीचा फरक फारसा उरत नाही आणि तापमान सहन होण्याजोगे असते. तेथे नत्रीकरणास ऊब पुरेशी असते, उणीव असते ती पाण्याची.

छत्तीसगढात सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हापासूनच्या नऊ दिवसांना नौतपा म्हणतात. मे महिन्याच्या अखेरीचा हा काळ. नौतपा चांगला तापला तर वर्ष चांगले जाते, असा शेतकऱ्यांचा विश्वास आहे. विदर्भातील आणि मराठवाड्यातील शेतकरीही पेरणीपूर्वी जमीन तापण्याला महत्त्व देतो. पावसाच्या अंदाजाशी या समजुतीचा संबंध असो वा नसो, मातीपुरता तिच्यात तथ्यांश आहे. कडक वाळण्यामुळे मातीतील सूक्ष्मजीवांचा मोठा भाग मरतो आणि त्यांच्या शरीरांतील नत्र इतरांना उपलब्ध होते. मातीची ढेकळे वाळून भेगाळतात आणि आत दडलेले सेंद्रिय पदार्थ उघडे पडतात. अमोनियमचा साठा आधीच झालेला असतो. अशा मातीवर पहिला पाऊस पडला, की उरलेले जीव झपाट्याने वाढतात आणि काही दिवसांतच नत्राचा लोंढा सुटतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये हा परिणाम सविस्तर मांडला. त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो.

पावसामुळे पृष्ठभागाजवळचे तापमान उतरून तीस अंशांच्या आसपास येते, ओल मिळते आणि मातीत हवाही खेळती असते. उष्णता, ओल आणि हवा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येण्याचा वर्षातील हा सर्वांत अनुकूल काळ होय. उष्णतेने केवळ तयारी केलेली असते. नायट्रेट घडते ते पावसानंतर.

बांधीतील गळती

येथपर्यंतची हकीकत लाभाची आहे. हानीची सुरुवात त्यानंतर होते. छत्तीसगढच्या मैदानात भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशा चार प्रकारच्या जमिनी मानल्या जातात. भाटा ही उंचावरची मुरमाड जमीन, तर कन्हार ही सखल भागातील काळी, चिकण जमीन. मटासी आणि डोरसा या मधल्या. सीमेपलीकडे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतही धानाची शेती मोठ्या प्रमाणावर होते. बांधी भरली, की माती पाण्याखाली जाते आणि तिच्यातील प्राणवायू संपतो. मातीत काही जीव असे असतात, की प्राणवायू न मिळाल्यास ते नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात. परिणामी नायट्रेटचे रूपांतर नत्र वायूत आणि काही अंशी नायट्रस ऑक्साइडमध्ये होते व ते हवेत निघून जाते. या क्रियेस विनत्रीकरण म्हणतात. तीही ऊब असेल तर वेगाने होते. ज्या उष्णतेने साठा उभा केला, तीच त्याचा नाश लवकर घडवून आणते.

नायट्रेटचा दुसरा दोष असा, की मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत. अमोनियमवर धन विद्युतभार असल्याने चिकणमाती त्याला पकडून ठेवते. नायट्रेटवर ऋण भार असल्याने ते पाण्याबरोबर वाहते. भाटा आणि मटासी जमिनीत ते खाली झिरपून विहिरीच्या पाण्यात जाते, तर कन्हार जमिनीत ते विनत्रीकरणाने हवेत जाते. वाटा भिन्न असल्या तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने परिणाम एकच. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात कोरड्या हंगामानंतर पडीक धानजमिनीत साठलेले नायट्रेट पाणी भरल्यावर लवकरच नाहीसे होते, असे दाखवून दिले. जेथे त्या मधल्या काळात तण किंवा द्विदल पीक उभे होते, तेथे मात्र त्याचा काही भाग वनस्पतींच्या शरीरात सुरक्षित राहिला.

एका पोत्याचा हिशेब

ही हानी किती, हे साध्या आकडेमोडीने समजून घेता येते. एक हेक्टर जमिनीच्या पंधरा सेंटिमीटर जाडीच्या थराचे वजन सुमारे २,१०० टन भरते. अशा मातीत दर दहा लाख भागांत केवळ दहा भाग नायट्रेट-नत्र असेल, तर हेक्टरी २१ किलो नत्र होते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असते. याचा अर्थ, मातीतील दर दहा भाग नायट्रेट-नत्र म्हणजे हेक्टरी युरियाचे जवळपास एक पोते होय. शिवाय पोत्यातील सर्व नत्र धानाला मिळत नाही. पाणथळ धानात टाकलेल्या नत्रापैकी साधारणतः ३० ते ४० टक्केच पिकाच्या उपयोगी पडते. युरियाची किरकोळ किंमत नियंत्रित असली, तरी खर्चाचा मोठा भाग सरकार अनुदानातून उचलते. वाया जाणारे प्रत्येक पोते शेतकऱ्याबरोबरच सार्वजनिक तिजोरीलाही महाग पडते.

या हिशेबात मातीपरीक्षणाची एक मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. मृद आरोग्यपत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली आणि मातीपरीक्षणाचा प्रसार त्यामुळे निश्चितच वाढला. परंतु उपलब्ध नत्र मोजण्याची भारतातील रूढ पद्धत ही १९५६ मध्ये सुब्बय्या आणि असिजा यांनी सुचविलेली आहे. तीत सेंद्रिय पदार्थांतून सहज सुटणारे नत्र आणि अमोनियम मोजले जाते. नायट्रेट तीत येत नाही. शिवाय नमुना कोरड्या महिन्यांत घेतला, तर मृगानंतरच्या लोंढ्याचा त्यात मागमूस नसतो. पत्रिकेवरील आकडा चुकीचा नसतो. तो अपुरा असतो.

पाणी आणि हवा

नायट्रेटचा प्रश्न शेताच्या बांधापाशी थांबत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची कमाल मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक नायट्रेट असलेल्या पाण्यातून तान्ह्या मुलांना दूध दिल्यास रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि बालक निळसर पडते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते, ही बाब प्रत्येक घरी माहीत असणे आवश्यक आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या वार्षिक अहवालानुसार देशातील ४४० जिल्ह्यांत काही ठिकाणच्या भूजलात नायट्रेट या मर्यादेपेक्षा अधिक आढळले. अधिक बाधित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ यांची नावे आहेत. खतांबरोबरच सांडपाणी व जनावरांचे मलमूत्र हीदेखील त्यामागची कारणे आहेत.

हवेत जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइडची उष्णता अडविण्याची शक्ती शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट आहे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. तापमान वाढले, की मातीतील या सर्व क्रियांचा वेगही वाढतो. उशिरा आणि एकदम कोसळणारा पाऊस त्यात भर घालतो, कारण साठा तयार होताच तो वाहून जातो.

करण्याजोगे उपाय

उपाय फार खर्चाचे नाहीत, मात्र ते वेळेवर अवलंबून आहेत.

पहिला उपाय, मोकळी जमीन शक्य तितकी कमी काळ ठेवणे. उन्हाळी नांगरटीला छत्तीसगढात अकरस जोताई म्हणतात. तिच्यामुळे तण आणि कीड आटोक्यात येते, पाणी मुरते आणि सेंद्रिय पदार्थही लवकर कुजतात. म्हणजेच ती नायट्रेटचा साठा वाढविते. परंतु नांगरट करून पुढे जमीन तशीच उघडी ठेवली, तर तो साठा हातचा जातो. पहिल्या सरींवर धैंचा पेरल्यास तो मातीतील नायट्रेट शोषून घेतो, हवेतील नत्रही बांधतो. सहा ते आठ आठवड्यांनी तो चिखलणीच्या वेळी गाडला, की ते नत्र हळूहळू रोवलेल्या धानाला मिळते. जेथे सिंचनाची थोडी सोय आहे तेथे मूग हेच काम करून हाती धान्यही देतो.

दुसरा उपाय युरियाच्या वेळेचा. पेरणीपूर्वी कोरड्या किंवा अर्धवट ओल्या उबदार जमिनीत टाकलेला युरिया दोन-तीन आठवड्यांत मोठ्या प्रमाणात नायट्रेट होतो आणि बांधी भरताच नाहीसा होतो. छत्तीसगढातील बियासी पद्धतीत धान फेकून पेरतात आणि साधारण महिन्याभराने साचलेल्या पाण्यात उभ्या पिकात नांगर फिरवितात. अशा शेतात सुरुवातीला युरिया देण्याऐवजी तो बियासीनंतर आणि पुढे लोंबी धरण्याच्या सुमारास विभागून देणे हितावह ठरते. पानांचा रंगतक्ता या कामी उपयुक्त आणि स्वस्त साधन आहे.

तिसरा उपाय कडुनिंबाचा. कडुनिंबातील द्रव्ये नत्रीकरण करणाऱ्या जिवाणूंचा वेग मंदावतात, हे भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रयोगांनी १९७०च्या दशकातच दाखविले होते. २०१५ पासून देशात उत्पादित होणाऱ्या युरियाला निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे झाले. मात्र उष्णता जितकी अधिक, तितका या आवरणाचा प्रभाव लवकर ओसरतो. त्यामुळे ते योग्य वेळेला पर्याय ठरत नाही.

चौथा उपाय हंगामाच्या शेवटचा. पावसाळा संपताना मातीत उरलेली ओल आणि नत्र वाया जाऊ नये म्हणून छत्तीसगढचा शेतकरी उभ्या धानातच लाखोळी किंवा जवस टाकतो. यास उतेरा म्हणतात. पूर्व विदर्भातही धानाच्या बांधीत लाखोळी घेण्याचा प्रघात आहे. हिवाळ्यात मातीचे तापमान उतरल्यावर नत्रीकरण मंदावते, त्यामुळे या काळातील नत्र अधिक काळ टिकते. म्हणून रब्बीच्या गव्हासाठी आणि खरिपाच्या धानासाठी युरियाचे एकच वेळापत्रक लागू करणे शास्त्राला धरून नाही.

पाचवा उपाय प्रत्येक घरचा. शेणखताचा ढीग उन्हाळ्यात उघडा पडलेला असतो. पहिल्या पावसात त्यातील नायट्रेट धुपून विहिरीकडे जाते. ढीग खड्ड्यात, विहिरीपासून दूर ठेवून पावसापूर्वी झाकल्यास खताचा कस आणि पाण्याची शुद्धता दोन्ही राखता येतात.

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयासारख्या संस्थांनी आणि कृषी विज्ञान केंद्रांनी मृगाच्या पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांनी निवडक शेतांतील नायट्रेट मोजून ते आकडे गावात फळ्यावर लावले, तर शेतकऱ्याला पोते फोडण्यापूर्वी जमिनीत काय आहे हे कळू शकेल. त्यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. पावसाची नोंद जशी तालुक्यागणिक होते, तशीच नायट्रेटची नोंद दर वर्षी जूनच्या अखेरीस होऊ शकते. उन्हाळा कमी करणे कोणाच्याही हाती नाही. त्या उन्हाळ्याने मातीत घातलेली ठेव आषाढापूर्वी पिकाच्या मुळाशी पोहोचविणे मात्र शेतकऱ्याच्या आणि शासनाच्याही आवाक्यातील काम आहे.